रत्नप्रभेच्या घरातला उन्हाचा दिवा

मी एक जुना सौरकंदील आहे, मित्रांनो. माझी बॅटरी फुगली आहे, नळीचं एक टोक काळं पडलं आहे. पण ती एक संध्याकाळ मी अजून विसरलेलो नाही.

शहाऐंशी साली अंधेरीतल्या एका कॉलेजच्या कार्यशाळेत मी जन्मलो. निळसर काचेची एक पाटी, एक बॅटरी आणि उजेड देणारी वीतभर नळी, एवढाच माझा संसार. पाटी दिवसा उन्हात ठेवायची, दिवेलागणीला बटण दाबायचं. तिथला शिपाई धाकू गिरणीतलं काम सुटल्यावर या नोकरीला लागला होता. जोगेश्वरीच्या टेकडीवरच्या त्याच्या वस्तीत वीज नव्हती. मला बनवणाऱ्या सरांनी मला त्याच्या हवाली केलं.

त्याची बायको रत्नप्रभा मला बघून हसली. "उन्हावर दिवो पेटता? कायतरीच तुमचा!"

पण मी पेटलो. ना काजळी, ना धूर. त्यांच्या चिमुरड्या नलिनीचे डोळे चुरचुरायचे थांबले. शेजारची द्रौपदी भाजी निवडायला माझ्यापाशी येऊन बसू लागली. घासलेट आता फक्त स्टोपुरतं लागे.

श्रावणात आभाळ भरून राहिलं आणि माझं पोट अर्धंच भरू लागलं. अशाच एका संध्याकाळी रत्नप्रभा मोरीत भांडी घासत होती. स्टो अजून पेटायचा होता. नलिनीने कोपऱ्यातला घासलेटचा डबा ओढला आणि तो धाडकन आडवा झाला. तिचा फ्रॉक, गोधडी, जमीन, सगळं भिजलं. पोर किंचाळली.

"काय पडलं गं?" म्हणत द्रौपदी धावत आली. तिच्या हातात घासलेटची पेटती चिमणी होती!

मित्रांनो, मी हलू शकत नव्हतो, ओरडू शकत नव्हतो. ज्योत उंबऱ्याकडे येताना नुसता बघत होतो.

"द्रौपदे, थांब! आत येऊ नको! विझव ती!" रत्नप्रभा फाटल्या आवाजात ओरडली.

द्रौपदीने दारातच फुंकर मारली. आता उजेड माझा एकट्याचा, आणि तोही पिवळा पडत चाललेला. त्या उजेडात रत्नप्रभेने फ्रॉक उतरवला, साबण लावून पोरीला धुतलं. द्रौपदीने गोधडी बाहेर फेकली.

"दिवा चालला गं!" द्रौपदी म्हणाली.

"जाऊ दे! काडी मात्र ओढायची नाय!"

मी थरथरलो आणि विझलो. पोरीला पदरात गुंडाळून दोघी बाहेर कट्ट्यावर बसल्या. काळोखात मला फक्त नलिनीचे हुंदके ऐकू येत होते.

थोड्या वेळाने पावलं वाजली. धाकू आला होता. तो थेट दारात शिरला. "काळोख कित्याक?" आणि खिशातून काढलेली काडीपेटी खुळखुळली.

रत्नप्रभेने झेप घेऊन त्याच्या हातावर फटका मारला. काड्या गल्लीभर विखुरल्या. जमिनीवरच्या घासलेटचा वास नाकात शिरला तसा धाकू झटकन मागे सरला. मग त्याने पोरीला छातीशी धरलं, ते सोडलंच नाही.

मित्रांनो, घरी सौरदिवा असेल तर त्याची पाटी पुसत जा, त्याला ऊन दाखवा, मळभ असेल तेव्हा उजेड जपून वापरा. घाबरलेलं माणूस अंधारात आधी काडीपेटी चाचपतं. त्या वेळी तुमच्या घरात माझा एखादा भाऊ जळता असावा, एवढंच मागणं आहे.