रिपोर्टाचं गाऱ्हाणं

डिचोलीच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं रक्त काढतेय आणि एकाच माणसाला दोनदा सुई टोचायची पाळी माझ्यावर क्वचितच आली. गर्व म्हणा हवं तर. त्याच गर्वापोटी दोन हजार सहा साली कोरगावला, धाकट्या भावाच्या, गोकुळदासाच्या सोप्यावर बसून मी सगळ्यांदेखत छातीठोकपणे सांगून मोकळी झाले, की रक्त तपासू, रक्त खोटं बोलत नाही.

प्रश्न त्याच्या मुलीचा, क्षमाचा होता. एकवीस वर्षांची पोर, तुयेच्या कारखान्यात कामाला. सहा महिने जुलाब, त्यातून आव आणि रक्त, वजन अकरा किलो उतरलेलं. कुणी मूळव्याध म्हणालं, कुणी उष्णता. शेवटी मीच तिला म्हापशाला आतड्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, मोठ्या आतड्याला आतून सूज असावी, खालून दुर्बीण घालून बघायला हवं, बारीक तुकडे काढून तपासायला हवेत. रक्तातल्या अँटीबॉडींची एक तपासणी मुंबईला पाठवता येते. तिची मदत होते, पण नुसत्या तिच्यावर निकाल लावत नाहीत.

घरी परतल्यावर सोप्यावर दुर्बिणीचं नाव निघताच क्षमा शरमेनं भिंतीकडे तोंड करून बसली. गोकुळदास म्हणाला, आधी रक्त, मग काय ते बघू. डॉक्टरांचं शेवटचं वाक्य माझ्या कानावर पडलं होतं, तरी मी हो म्हटलं आणि तिचं रक्त काढून मुंबईला पाठवलं. शहाणी ना मी! डॉक्टरांनी मात्र दुर्बिणीसाठी पुढचा गुरुवार आधीच लिहून ठेवला होता.

रिपोर्ट यायच्या आदल्या दिवशी गोकुळदासानं गावच्या देवळात कौल लावला. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, म्हणजे त्याचा प्रश्न देवापुढे मांडला, देवाच्या अंगाला पाण्यानं पाकळ्या चिकटवल्या, आणि उजवी पाकळी आधी पडली. म्हणजे होकार. दुसऱ्या दिवशी रिपोर्टही आला, सगळा निगेटिव्ह. गोकुळदासानं देवाला नारळ ठेवला, घरात गोड केलं आणि मला फोनवर आनंदानं सांगितलं, की गुरुवारचं रद्द करून टाकलं.

मी लगेच डॉक्टरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, हा आजार असलेल्या कितीतरी जणांचा रिपोर्ट निगेटिव्हच येतो, मुलीला घेऊन या. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कोरगाव गाठलं.

गोकुळदास ऐकायला तयार नव्हता. म्हणाला, "बाय, देव आनी तुझां रगत, दोगांय एकच सांगतत. आनी काय होया तुका?"

डोकं सणकलं माझं. पण ओरडणार कुठल्या तोंडानं? रक्तावर भरवसा ठेवायला त्याला मीच शिकवलं होतं. म्हणून विचारलं, गाऱ्हाणं नेमकं काय घातलंस? त्यानं अभिमानानं शब्दन् शब्द सांगितला. आमच्या क्षमाचो रिपोर्ट बरो येतलो काय?

"मगे आयलो न्हय बरो?" मी म्हटलं. "तू विचारलंस त्याचां देवान उत्तर दिलां. क्षमा बरी आसा काय, तां तू विचारूकच नाय. आनी माझाय तसांच झालां. डॉक्टरान सांगलेलां, मी कानार घेवंक नाय. चूक माझी, गोकुळा."

आजवर चूक हा शब्द माझ्या तोंडून भावानं ऐकला नव्हता. तेवढ्यात क्षमा दारात येऊन उभी राहिली. चौकट घट्ट धरली होती तिनं.

"आत्ये, माका आज सकाळीं रगत गेलां. काल पण गेलेलां. तुमी सगळीं खुश होतात, म्हणान मी सांगूक नाय."

मला रडू आवरलं नाही. गोकुळदास उठला, घरात गेला आणि फोन करून गुरुवारची वेळ त्यानंच परत मागून घेतली.

दुर्बिणीत आतडं आतून सोलल्यागत दिसलं, तुकड्यांच्या तपासणीतही तेच निघालं, अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि व्रण. औषधं सुरू झाली आणि दोन महिन्यांत रक्त थांबलं, वजन चढू लागलं. आजार जन्मभराचा आहे, ताब्यात ठेवता येतो पण पाठ सोडत नाही, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. ऐकून गोकुळदास खचला. क्षमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आसूं दे, बाबा," ती म्हणाली. "आता कोणी कशी आसस म्हणान विचारल्यार मी खरां सांगतलंय."