ठिपक्यांचा कागद

“वहिनी, दादा कुठे आहे?” वन्संनी दारातूनच विचारलं. पायातल्या चपला काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

“आत, टेबलाशी. जेवण झालंय, तरी जेवायचं कधी म्हणून मघापासून विचारताहेत.” मी हसत सांगितलं. हल्ली असल्या गोष्टी हसत सांगायची मी सवयच लावून घेतली होती.

वन्सं हसल्या नाहीत. ओट्यावर लॅपटॉप ठेवून त्या उभ्या राहिल्या. सकाळपासून त्यांनी काही खाल्लेलं नव्हतं, हे चेहऱ्यावरून कळत होतं.

माझी ही नणंद एका कॉलेजातली संगणकांची खोली सांभाळायची. पण तिचं खरं काम निराळंच होतं. संगणक चालवणारी एक मोठी प्रणाली आहे, कोणा एकाच्या मालकीची नाही. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून, फुकट, तिची देखभाल करतात. प्रत्येकाकडे एकेक लहानमोठा प्रोग्राम. वन्सं मला त्यातलं समजावताना तीन खोल्या सांगायच्या. नवं काम आधी कच्च्या खोलीत येतं. तिथे रोजची मोडतोड, रोजची डागडुजी. काही दिवस कोणाची गंभीर तक्रार आली नाही, की ते मधल्या खोलीत जातं. आणि दर दोनेक वर्षांनी मधल्या खोलीला कुलूप लावून, सगळं झाडूनपुसून, तीच पक्की खोली म्हणून लोकांना उघडून देतात. शाळा, इस्पितळं, कचेऱ्या त्या पक्क्यावर विसंबून असतात.

“मधल्या खोलीतलं काम म्हणजे नवी सून,” वन्सं म्हणायच्या. “तक्रार आली नाही तर घरची.”

“आणि आली तर?”

“तर माहेरी.”

कुलूप लागल्यावर आत काय येईल आणि बाहेर काय जाईल, हे वन्सं ठरवायच्या. त्या मंडळींत त्यांचं नावच कुलूपवाली पडलं होतं. आणि आज संध्याकाळी पक्की खोली उघडायची होती.

“अंधशाळेतल्या ग्रंथपाल बाईंचा फोन होता,” वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. “गणिताचं पुस्तक छापून पाहिलं त्यांनी मधल्या खोलीतल्या नव्या प्रणालीवर. ब्रेलमध्ये अंक आणि अक्षरं सारखीच, आधी चिन्ह असलं तर अंक. ते चिन्हच उमटत नाहीये. एक-दोन-तीनची अक्षरं झालीत सगळी. पोरं म्हणाली, बाई, आज गणित नाही का, भाषेचाच तास का?”

मी आतल्या दाराकडे पाहिलं. कारण कागदावर ठिपके उठवणारा तो प्रोग्राम ह्यांचा होता.

सासूबाईंची नजर गेली तेव्हा ह्यांनी तो लिहायला घेतला होता. दिवसभर वीज कचेरीत कारकुनी करायची आणि घरी आल्यावर आईसाठी ठिपक्यांच्या गोष्टी छापायच्या. त्या प्रिंटरच्या खडखडाटात आमचा अर्धा संसार झाला. बोटांनी वाचायला सासूबाई शिकल्या, त्यांच्याबरोबर ही दोन्ही भावंडंही शिकली. मी मात्र तशीच राहिले. एकदा मी नकळत त्या कागदाची घडी घातली, तर हे दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते. “ठिपके दबले की शब्द मेला,” एवढंच रात्री म्हणाले. सासूबाई गेल्या, पण प्रोग्राम राहिला. लोकांना लागू लागला, आणि हे तो सांभाळत राहिले.

“चूक ह्यांची आहे?” मी विचारलं.

“मागच्या आठवड्यात त्याने दुरुस्ती पाठवली. कुलूप असताना काही आत घ्यायचं, तर काय बदललं ते मला दाखवावं लागतं. त्याने दोन ओळी दाखवल्या. मी दोन ओळी पाहिल्या आणि सोडलं. पण त्याने ती दुरुस्ती केली होती जुन्या प्रतीवर, टेबलाखालच्या त्या डब्यातल्या, जुन्या संगणकातल्या. मधल्या काळातलं सगळं काम पुसलं गेलं.”

“मग तुम्हीच गुपचूप नीट करा ना.”

“आमच्याकडे गुपचूप काही होत नाही वहिनी. प्रत्येक बदल सगळ्यांना दिसतो. आणि सांभाळणारा धडधाकट समोर बसलेला असताना त्याच्या कामाला परस्पर हात लावत नाहीत.” धडधाकट म्हणताना त्या थांबल्या. “त्याला सांगायला हवं. नाही तर संध्याकाळच्या आत त्याचं काम बाहेर काढायला हवं. तसं केलं तर शाळेला दोन वर्षं काहीच नाही.”

त्याला सांगायचं म्हणजे काय सांगायचं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. गेले कित्येक महिने आम्ही दोघी ‘वय झालं’ एवढ्यावर भागवत होतो.

आम्ही आत गेलो. ह्यांचं टेबल एका पायात आखूड होतं. हात ठेवला की डुगडुगायचं. ‘सुताराला बोलावू’ हे आमच्या घरातलं सगळ्यात जुनं वाक्य होतं.

“या कुलूपवाली बाई,” हे म्हणाले. “चहा घेणार, की त्याचीही आधी तपासणी?”

“दादा, शेवटची दुरुस्ती कुठल्या मशीनवर केलीस?”

“माझ्या.”

“दोन्ही तुझीच आहेत.”

ह्यांनी पायानेच खालचा डबा दाखवला. “याच्यावर. तू दिलेल्या नव्याच्या कळा बोटांना ओळख देत नाहीत.”

वन्संनी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. डावीकडे आधीचं काम, उजवीकडे ह्यांनी पाठवलेलं. गेलेल्या ओळी लाल दिसत होत्या. हे वाचत राहिले. टेबल हलत होतं, कारण वन्संचा हात त्यावर होता.

“हे अंकांचं,” हे म्हणाले. “हे तर शाळेतल्या बाईंनी मागून घेतलं होतं. आईला गोष्टीच लागायच्या, अंकांशी तिचं काही नव्हतं. कोणी काढलं हे?”



हे आणखी खाली गेले, परत वर आले. मग चष्मा काढून पुसायला लागले.

“मी काढलं,” ते म्हणाले. “जुन्यावर बांधलं मी.” मग वन्संकडे वळून म्हणाले, “तू ताडून बघितलं नाहीस?”

“नाही.”

“दुसऱ्या कोणाचं असतं तर?”

“ओळन् ओळ बघितली असती.”

“मग कुलूप कसलं लावतेस? नुसती कडी लाव.”

वन्सं हसल्या आणि त्याच वेळी त्यांनी पदराने डोळे टिपले. मग त्यांनी नव्या मशीनवर आधीची धड प्रत उघडून दिली, आणि ह्यांनी त्यात त्या दोन ओळी स्वतः घातल्या. एकेक कळ शोधत. मी मागे उभी होते. एवढा वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता. वन्संचा फोन सारखा थरथरत होता, बाहेरची मंडळी ‘कधी उघडणार’ म्हणून विचारत होती. त्यांनी तो पालथा घातला.

प्रिंटर खडखडला. कागद आला तसे ह्यांनी डोळे मिटले आणि ओळीवरून बोट फिरवलं. अंकांपाशी बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

“बरोबर आहे,” हे म्हणाले. “जाऊ दे.”

वन्संनी काम आत घेतलं. त्या उठणार तेवढ्यात हे म्हणाले, “थांब. आता मंडळींना एक पत्र. अनाथ.”

त्यांच्यात तशी रीत आहे. सांभाळणं होईनासं झालं की माणूस आपला प्रोग्राम स्वतःच अनाथ जाहीर करतो. मग ज्याला हवा तो दत्तक घेतो.

“आज नको, दादा.”

“आजच. उद्या मी पुन्हा त्या डब्यावरून काही पाठवीन, तू पुन्हा भाऊ म्हणून सोडशील.”

“अहो, पण अनाथ काय म्हणता,” मी म्हटलं. “अभद्र वाटतं.”

“अगं, मी असताना केलं तर घेणाऱ्याला विचारायला कोणी तरी असेल.”

ते पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. चूक माझी होती, असंही त्यात घातलं. वन्सं खोड म्हणाल्या, त्यांनी खोडलं नाही.

दिवेलागणीला पक्की खोली उघडली. वन्संच्या लॅपटॉपवर जगभरातून अभिनंदनं येत राहिली. त्यांनी एकही वाचलं नाही, माझ्या हातची पोळी मात्र उभ्याउभ्या खाल्ली. ग्रंथपाल बाईंचा ह्यांना फोन आला. अंक आले, पत्रही वाचलं म्हणाल्या. मग जरा अडखळत, “साहेब, दत्तक मी घेतलं तर चालेल? मला यातलं फारसं येत नाही. शिकवाल?”

“या,” हे म्हणाले. “जरा लवकर या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर हे खुशीत बसले होते.

“बघ,” टेबलावर तळवा दाबून ते म्हणाले. “कधीचं डुगडुगत होतं. सुताराची गरजच नव्हती. इथेच एक रद्दी कागद सापडला.”

मी वाकून पाहिलं. आखूड पायाखाली जाड पिवळट कागद होता, चौघडी घालून, नीट आत दडपलेला. कडेला दबलेल्या ठिपक्यांची एक ओळ दिसत होती.

मी सरळ झाले आणि त्यांच्यापुढे चहा ठेवला. कप हलला नाही.