दोन सेकंदांचे बाबा

बाबा बरे झाले. गालांवर मांस आलं, डोळ्यांतला पिवळेपणा गेला आणि ताईला नोकरी सोडून धावत यावं लागलं नाही.

वरचा मजकूर तुम्ही वाचलेला नाही आणि मी लिहिलेला नाही. बाबा आजारी आहेत. यकृताचं काहीतरी आहे. डॉक्टरांना विचारलं की ते ‘बघू’ म्हणतात आणि दुसऱ्या पेशंटकडे बघतात.

ताई दूरच्या शहरात असते. नोकरी नवीन, रजा मागितली तर कायमचीच मिळेल अशी. फोनवर आई, बाबा आणि मी तिघंही तिला ‘सगळं ठीक आहे’ सांगायचो. ते इतक्या एका सुरात व्हायला लागलं की तिला संशय आला.

“तुम्ही तालीम करून बोलता का रे?” ती मला म्हणाली. “बाबांचा फोटो पाठव. मोबाईलवरचा अंधुक नको, नीट काढलेला. तो बघून ठरवते यायचं की नाही. फोटोवाला आहेस ना तू?”

फोटोवाला म्हणजे मी मामांच्या स्टुडिओत काम करतो. मामा मला फोकस म्हणतात, कारण तो मला सापडत नाही.

मी स्टुडिओतला मोठा कॅमेरा घरी आणला. बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. कॉलरमध्ये त्यांची मान घंटेतल्या लोलकासारखी मोकळी हलत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टुलावर बसून त्यांनी विचारलं, “हसू का?”

“थोडं हसा.”

“थोडंच येतंय,” बाबा म्हणाले.

कॅमेरा घेऊन मी स्टुडिओत परत निघालो तर आईही चप्पल घालून तयार. कुठला फोटो पाठवायचा ते ती ठरवणार होती. कॉम्प्युटरसमोरच्या एकुलत्या एक खुर्चीत ती बसली, मी तिच्या खांद्यावरून माऊस चालवायला लागलो आणि फोटो आत घेतले. पहिला फोटो उघडला आणि आई पुढे सरकली.

पडद्यावर बाबा होते. आमचे, जुने. गाल भरलेले, डोळे पांढरेशुभ्र, आता कुणाची तरी खोडी काढतील असे. मग पडदा जरासा थरथरला आणि त्याच स्टुलावर, त्याच शर्टात, खिडकीतले बाबा येऊन बसले. पिवळे.

“हे काय केलंस?” आई म्हणाली.

“मी काही नाही केलं.”

“मागे घे.”

मागे घेता येत नव्हतं. मी फोटो काढून टाकले आणि पुन्हा आत घेतले. बाबा पुन्हा बरे झाले आणि दोन सेकंदांत पुन्हा आजारी पडले. आई म्हणाली, परत. मी परत केलं. तिला फोटो निवडायचाच नव्हता, तिला ते दोन सेकंद बघायचे होते. पाचव्या-सहाव्या खेपेला तिने चष्मा पुसून घेतला आणि मला म्हणाली, “आता कर.” मी बटण दाबेपर्यंत ती डोळे न मिटता बसली होती.

तेवढ्यात मामा आले. आई त्यांची मोठी बहीण, त्यामुळे स्वतःच्या स्टुडिओत खुर्ची न मिळाल्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

“अक्का, ते प्रीव्ह्यूचं सेटिंग आहे,” ते म्हणाले. “कॅमेरा फोटोबरोबर स्वतःचंही एक तयार चित्र देतो. ते आधी दिसतं. मग कॉम्प्युटर मूळ फोटो उलगडतो, आपला हिशेब मांडतो आणि स्वतःचं चित्र लावतो.”

“मग कॅमेऱ्याचं खरं की कॉम्प्युटरचं?”

मामांनी कान खाजवला. “कॅमेऱ्याला मीच गोड बोलायला लावलंय. रंग चढवलेत, गालांखालच्या सावल्या भरून ठेवल्यात. गिऱ्हाईक आधी कॅमेऱ्याच्या मागे बघतं ना. तिथे खूश झालं की पुढे भांडत नाही.”

“मग कॉम्प्युटरलाही गोड बोलायला लाव.”

“लावू की. फोकस, सेटिंग बदल.”

फोटो आत घेताना प्रीव्ह्यू कसा हवा, याचे चार पर्याय येतात. कॅमेऱ्यातला आम्ही बघत होतोच. ‘मिनिमल’ लावल्यावर बाबा छान दिसले, पण नखाएवढे. जरा मोठे केले की आजारी. ‘स्टँडर्ड’मध्ये ते थेट आजारीच आले, आशेला जागा ठेवली नाही. ‘वन टू वन’ला, म्हणजे पूर्ण आकाराला, कॉम्प्युटरने इतका वेळ घेतला की मामा चहा सांगून आले, आणि चहाबरोबर बाबांच्या कपाळावरची एकूण एक शीर आली. आईने कप न उचलता बाजूला सरकवला.

मी हाताने रंग चढवून पाहिले. गाल गुलाबी केले. आई म्हणाली, “हे नाटकात काम करतात असं वाटतंय.”

“आजार म्हशीला आणि औषध पखालीला,” मामा पुटपुटले आणि लगेच चहात बघायला लागले, कारण म्हैस कोण ते अक्का विचारेल अशी त्यांना भीती वाटली असावी.

मग त्यांनीच तोडगा काढला. कॅमेऱ्यातलं ते तयार चित्र वेगळं काढता येतं. त्याला एक छोटा प्रोग्राम असतो. त्यांनी मला बाजूला केलं, आईच्या डोक्यावरून हात घालून काहीतरी दाबलं, आणि दोन सेकंदांचे बाबा पडद्यावर येऊन थांबले. आम्ही तिघं श्वास रोखून वाट बघत होतो. ते बदलले नाहीत.

आईने तिथूनच फोटो ताईला पाठवायला लावला. ताईचं उत्तर लगेच आलं. बाबा मस्त दिसतायत. मी उगाच घाबरले होते. आता येत नाही, रजेचं दिवाळं निघालंय, वर्षअखेरीला बघू.

“बघ,” आई म्हणाली. “पोरीची नोकरी वाचली.” घरी जाताना ती माझ्यापुढे चालत होती, भराभर.

बाबा खिडकीशीच बसले होते. इस्त्रीचा शर्ट अजून अंगात होता.

“काय म्हणाली?” त्यांनी विचारलं.

मी मोबाईल पुढे केला. त्यांनी फोटो लांब धरला, मग जवळ घेतला.

“हा कोण?”

“तुम्हीच, बाबा.”

“बरा दिसतोय की. काय झालंय याला?”

“काही नाही.”

“मग ती कशाला येईल,” बाबा म्हणाले आणि शर्टाचं वरचं बटण काढायला लागले. ते निघेना. आईने पुढे होऊन काढलं. “काय हो, आधी बोलायचंत ना,” ती म्हणाली. बाबा म्हणाले, “नोकरी नवीन आहे तिची. मी कसा बोलू?”

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेल्यावर मी दुसरा फोटो उघडला, खराखुरा. ताईचा नंबर काढला. पाठवला तर ती सगळं टाकून येईल आणि आल्यावर आई माझ्याकडे बघेल. नाही पाठवला तर बाबा दारावरची बेल वाजली की कॉलर नीट करतात, ते रोज बघावं लागेल. आगीतून फुफाट्यात जायला निदान पाय तरी उचलावा लागतो. माझं बोट बटणावर होतं आणि तिथेच राहिलं. शेवटी मी मामांना हाक मारली. मामांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी पाहिले, कपाळाला हात लावला आणि लेन्स पुसायला निघून गेले. लेन्स कालच पुसली होती.

प्रोग्राममध्ये खाली ‘सुधारणा सुचवा’ अशी एक चौकट आहे. काहीही लिहायच्या आधीच तिथे ‘आपले आभार’ असं लिहिलेलं असतं. मी लिहिलं:

महोदय, फोटो आत घेताना आपण प्रीव्ह्यूचे चार पर्याय देता. त्यांपैकी एकही आमच्या घरी लागू पडत नसल्याचे नम्रपणे निदर्शनास आणून देत आहे. सबब विनंती की, आपल्या पुढील आवृत्तीत पाचवा पर्याय उपलब्ध करून द्यावा, ज्यात सदर व्यक्ती मुलीने यावे इतपत आजारी व पत्नीला झोप लागावी इतपत बरी दिसेल. दोन सेकंदांची मुदत वाढवून मिळावी, अशीही विनंती आहे. प्रकरण तातडीचे असल्याने आपल्या सोयीनुसार, परंतु बाबांच्या आधी, निर्णय व्हावा.