डुबोव्याचं मधलं घर

शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम धरलं, तर एल्डोरा हावलिकच्या पदरात वर्षाला अकरा हजार डॉलर पडणार होते; वर पोरांचा गलका फुकट. नवरा रेल्वेत होता. तीन वर्षांपूर्वी तो गेल्यावर त्याची पेन्शन दर महिन्याला यायची खरी, पण पेन्शन काही जेवायला समोर बसून बोलत नाही.

आडवं आलं ते पाणी. डुबोवा गावाच्या विहिरीत मक्याचं खत उतरलं होतं, तान्ह्या पोरांना ते पाणी पाजायचं नाही असा हुकूम होता. नव्या विहिरीचे चारातले तीन हिस्से सरकार द्यायला तयार, पण गाव गरीब असेल तर. घरं कमाईनं ओळीत लावायची. बरोबर मधल्या घराची कमाई ती गावाची कमाई. ती बेचाळीस हजारांच्या आत हवी.

सरकार दर वर्षी अंदाज काढायचंच, पण चार घरांना कागद धाडून. कागद डुकरंवाल्याकडे गेला की डुबोवा श्रीमंत, पुढच्या वर्षी पांगळ्या मास्तराकडे गेला की भिकेला लागलेलं. माती तीच, माणसं तीच. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात घरोघर फिरून वर्षाची कमाई विचारायची असं ठरलं.

त्याची तालीम गावप्रमुख मायलो स्टेहलिकनं ऑगस्टातच घेतली. बाहेर मका डोक्यावर गेलेला, हॉलमध्ये पंखा गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होता. मायलो धंद्यानं लिलाववाला. त्याचं तोंड सुटलं की घोडाही विकला जायचा.

"आकडा कुणी सांगू नका. घराला एक माणूस, नुस्तं ओळीत हुबं ऱ्हावा. गरीब कॉफीच्या भांड्यापाशी, श्रीमंत दारापाशी!"

सगळं गाव कॉफीकडे धावलं.

"आरं डेल्बर्ट," टपालवाला ओरडला, "तीन लाखाचं कापणीयंत्र हाय तुझ्या दारात!"

"यंत्र बँकेचं. माझं नुस्तं डिझेल."

"आन ही ढेरी कुणाची? तीबी बँकेचीच का?" बाकावरून डेल्बर्टची बायको रोझली म्हणाली.

पण टॅक्सच्या कागदावर डेल्बर्टला चार वर्षं तोटाच होता. कागद खोटा नव्हता, नुसता हुशार होता. त्यामुळे झालं असं, की शेकडो एकरवाले कॉफीपाशी आणि पेन्शनवाली एल्डोरा दाराकडे बरीच पुढे. मायलो स्वतः एल्डोराच्या लगेच मागे. मग त्यानं ओळीच्या दोन्ही टोकांचा एकेक माणूस बसवायला सुरुवात केली. बसवता बसवता शेवटी तोही बसला, उभी उरली एकटी एल्डोरा.

"चाळीस हजार," ती म्हणाली. "पर मी शाळंत कामाला लागतीय."

सगळा हॉल वळून टपालवाल्याकडे पाहायला लागला. ओळीत तिच्या लगेच पुढे तोच होता, पन्नास हजारांवर.

"आगं बाई, तू वर सरकलीस की गाव श्रीमंत झालं!" मायलो म्हणाला. "वर्सभर कायबी कमवू नगंस. जे मधलं घर, त्यानं हात बांधून बसायचं. कबूल का सगळ्यास्नी?"

सगळ्यांनी हात वर केले. दुसऱ्याचे हात बांधायला हात पटकन वर जातात.

"म्हंजी तुमी पाणी प्यायचं आन मी भिंतीशी बोलायचं?" एल्डोराचा आवाज चिरकला. "मास्तरीण सोमवारी ये म्हणलीय मला!"

"आमी येऊ की बोलायला," मायलो म्हणाला.

"तीन वर्सांत कोण आलं रं?"

रोझलीला ते लागलं. ती उठली.

"माझ्या घरात हाय की गलका! दोन बाप्ये पोरं. झोपत्यात मागल्या चाकांवरच्या घरांत, एकेकाचं येगळं, आन गिळायला माझ्या टेबलावर. कमाई शून्य. त्यांची घरं का न्हाई मोजत?"

"येगळी चूल असंल तर मोजत्यात," मायलो म्हणाला.

"मग उद्याच आणते. दोन आणते!"

"आई!" मागून दोन दाढीवाले ओरडले.

"व्हा हुबे, कॉफीपाशी!"

पोरं रडवेल्या तोंडानं ओळीच्या शेपटाला उभी राहिली. "आता मी कामाला गेलीय असं समजा," म्हणत एल्डोरा दोन पावलं दाराकडे सरकून टपालवाल्याच्याही पुढे झाली. मायलोनं पुन्हा दोन्ही टोकांनी माणसं बसवली. दाराकडची बसली, कॉफीकडची बसली. शेवटी त्यानं इकडेतिकडे पाहिलं. उभा होता तो स्वतः, एकटाच.

"कमाई किती रं तुझी, मधल्या घरा?" एल्डोरानं विचारलं.

"अडतीस," मायलो पुटपुटला. "पर हिवाळ्यात कोवांडाच्या शेताचा लिलाव हाय. नऊ हजार दलाली..."

"हात बांध, मायलो," सगळा हॉल म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात गाव गरीब ठरलं, विहीर झाली. सरकारनं तीन हिस्से दिले, एक हिस्सा गावानं पाणीपट्टीतून. रोझलीनं दोन चुली घेतल्या. एल्डोरानं काहीच सोडलं नाही, त्या सोमवारपासूनच दीडशे पोरांना वाढलं. कोवांडाचा लिलाव शेजारच्या गावच्या माणसानं पुकारला, अडखळत. मायलो मागच्या रांगेत ओठ दाबून बसला होता. त्याचे गेले नऊ हजार.