आत्याने मागितलेली जागा

मेलेआने आत्या येऊन चटईवर बसली, तेव्हाच लिसिआतेच्या आईने अंगणातलं डुक्कर धरायला सांगितलं. आत्या अशी नेसून-सवरून, कमरेला मानाची चटई गुंडाळून आली म्हणजे काहीतरी मागणार, आणि तिने मागितलं की द्यायचं. टोंगात वडिलांच्या बहिणीपुढे भावाच्या पोरांचं स्वतःचं असं काही नसतंच. मागे एकदा तिने नवी होडी नेली, तर वडील स्वतः किनाऱ्यापर्यंत ढकलत गेले होते.

या खेपेला तिने होडी मागितली नाही.

"बाळा, गोलातली तुझी जागा माझ्या कितिओनेला दे," ती म्हणाली.

कितिओने तिचा धाकटा. ऑकलंडला वाढलेला, टोंगाच्या फुटबॉल संघासाठी मुद्दाम विमानाने आलेला.

लिसिआतेने वडिलांकडे पाहिलं. ते हातातल्या कावा पेयाच्या वाटीत पाहत होते. जागा म्हणजे होडी नव्हे, डुक्कर नव्हे. आजवर अशी वस्तू कुणी मागितल्याचं त्याने ऐकलं नव्हतं. पण आत्याला नाही म्हणायची त्याच्या जिभेला सवयच नव्हती.

"घे आत्या," तो म्हणाला, आणि आपले हातमोजेही तिच्यापुढे आणून ठेवले.

त्याला वाईट वाटलं ते होपोनीकाकांचं. काका संघाचे प्रशिक्षक. लहानपणी सोललेले नारळ फेकून त्यांनीच त्याला झेल घ्यायला शिकवलं होतं. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला पहिला सामना आपल्या मैदानावर होईल तेव्हा गोलात लिसिआतेच, असा शब्द त्यांनी याच घरात, कावा पिता पिता वडिलांना दिला होता. बेटांवरच्या संघांना असे सामने मिळतात तरी किती. पहिल्याच फेरीत हरलं की चार वर्षं कुणी विचारत नाही.

तो सांगायला गेला, तेव्हा काका गोलाची जाळी शिवत होते.

"तुमचा शब्द माझ्यामुळे मोडला, काका."

"असू दे रे," काका जाळीतून नजर न काढता म्हणाले. "आत्याने मागितलं. तिथे आपण काय बोलणार?"

सरावाला पोरांनी त्याला सोडलं नाही. "मला आत्या नाही तेच बरं," फेतोंगी म्हणाला. "नाहीतर माझी नऊ नंबरची जर्सी केव्हाच गेली असती." लिसिआतेही हसला. दिलं ते रीतीने दिलं, याचा त्याला थोडा अभिमानही होता.

सामन्याच्या दिवशी सकाळी आत्याने त्याला जेवायला बोलावलं. अळूच्या पानात नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस तिने स्वतः त्याच्या पानात वाढलं.

"मन मोठं रे तुझं," ती म्हणाली. "होपोनी सांगायला आला, की पोराला स्वतःलाच जागा सोडायचीय, पण बापापुढे लाजतोय, तू मागून घे. तेव्हा माझा विश्वासच बसेना."

लिसिआतेचा घास हातातच राहिला.

"तू सांगितलं होतंस ना त्याला?" आत्याने विचारलं.

आत्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिचा वाढायचा हात थांबला.

दुपारी तो बदली खेळाडूंच्या बाकावर बसला. मैदानाच्या कडेला, भिंतीवर, आंब्याच्या झाडावर माणसंच माणसं होती. बरोबरी चालली होती. सामना संपत आला असताना उंच चेंडूवर झेपावलेला कितिओने खांबावर आदळला आणि खांदा धरून खालीच बसला. संघात तिसरा गोलरक्षक नव्हता.

"लिसिआते, ऊठ," काका म्हणाले.

"जागा आत्याची आहे."

"काय?"

"तिने मागून घेतलीय. ती देईल तर उठतो."

"रेफ्री थांबलाय, पोरा. ही वेळ आहे का?"

"स्वतःचा शब्द मोडायला नको म्हणून तिला मागायला तुम्हीच पाठवलंत. आता परत मागायलाही तुम्हीच जा."

काकांचा चेहरा उतरला. ते वळले आणि सगळ्या गावादेखत आत्या बसली होती तिथवर चालत गेले. आत्या त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. तिने लिसिआतेकडे पाहून मान हलवली.

हातमोजे कितिओनेच्या घामाने ओले होते. काकांनी नेहमीसारखा पाठीवर हात ठेवला, तसा तो अंग काढून घेऊन पुढे गेला.

पाहुण्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू वर चढला, आणि मैदानाच्या कडेवरून काकांचा तोच आवाज आला, नारळ झेलायच्या दिवसांपासूनचा.

"पुढे ये."

त्याने ठरवलं होतं की ऐकायचं नाही. पण पाय पुढे गेले होते. चेंडू छातीशी धरून तो गवतावर पडला. लोक नाचत होते. तो तसाच, तोंड गवतात घालून, उठून काकांकडे पाहायला लागू नये म्हणून जमेल तितका वेळ पडून राहिला.