बाहीच्या आतली पट्टी

"मास्तर, हा दवाखाना आहे की सर्कस?"

मुख्य परिचारिकेने गणवेश शिलाई मशीनवर टाकला. काळसर निळ्या कापडाच्या पाठीवर शिवलेली रुपेरी पट्टी खिडकीतल्या उजेडात चमकली.

"अंधारात गाडीवाल्याला माणूस दिसावा म्हणून लावली, बाई. त्या सफाईवाल्या मावशी फाटकासमोर गाडीखाली गेल्या, तेव्हापासून..."

"ते मला सांगू नका. नमुन्यात पट्टी आहे का? नाही ना? मग उसवा. पुन्हा नमुन्याबाहेरचा टाका दिसला, तर तुम्ही आणि तुमचं मशीन, दोघेही बाहेर."

मास्तरांनी पट्टी उसवली. सफाई आणि धुलाईवाल्यांच्या गणवेशाचा रंग एका समितीने निवडला होता. गडद रंगावर डाग दिसत नाहीत, हे समितीचे मुख्य संशोधन. माणूसही दिसत नाही, हे त्याचे उपफलित; त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. फाटकासमोरचा दिवा कोणी दुरुस्त करायचा, यावर दोन कार्यालयांत अत्यंत सुसंस्कृत पत्रव्यवहार चालू होता. सफाईवाल्या मावशींच्या मृत्यूनंतर मात्र तत्परता दाखवण्यात आली. फाटकावर फलक लागला : 'अंधारात रस्ता ओलांडताना फिकट रंगाचे कपडे वापरा.' त्याच फलकाखालून धुलाईघरातल्या बायका रोज दिवेलागणीनंतर दवाखान्याच्याच गडद कपड्यांत घरी जात. कपडे बदलायची त्यांची खोली समितीने बैठकांसाठी घेतली होती.

त्या बायकांत मास्तरांची थोरली बहीण होती. सगळा दवाखाना तिला अक्का म्हणे.

मास्तरांनी तिच्या गणवेशाच्या बाह्यांना, टोकाशी, आतल्या अंगाने पट्टी शिवली. बाही सरळ असली की काहीच दिसत नसे. उलटून वर दुमडली की मनगटाभोवती रुपेरी कडे उमटे.

अक्काने दोन्ही हात हलवून पाहिले. "अरे, या वयात बांगड्या भरल्यास की मला! लोक म्हणतील, म्हातारी नटली."

"म्हणू देत. फाटकाबाहेर पाऊल टाकलंस की बाही वर. आणि आत?"

"आत सरळ. कळलं रे बाबा. तुझं मशीन गेलं तर तू माझ्याच डोक्यावर येऊन बसशील. त्यापेक्षा बाही सांभाळलेली बरी."

हळूहळू सगळ्याच बायकांनी बाह्या करून घेतल्या. फाटकाशी आल्या की त्या बाह्या उलटत, हात वर धरत आणि रस्ता ओलांडत. गाड्या हळू होत. समितीला पत्ता नसल्यामुळे उपाय चालू राहिला.

एका संध्याकाळी मुख्य परिचारिकेची गाडी नादुरुस्त होती. पलीकडून रिक्षा धरायची म्हणून ती बायकांबरोबरच फाटकाबाहेर पडली. बायका मागे रेंगाळल्या. अक्काला मात्र तिने हाक मारून शेजारी घेतले.

पुढचे मास्तरांना धुलाईघरातल्या एका बाईने सांगितले. "मी मागून हळूच म्हटलं, अक्का, बाही. तिने बाईंकडे डोळ्यांनी खूण केली, मान हलवली. नको म्हणाली हो."

बाईंचा पांढराशुभ्र गणवेश गाडीवाल्याला दिसला. त्यांना वाचवण्यासाठी त्याने गाडी वळवली. वळवली त्या बाजूला अक्का होती.

चौकशीत निष्कर्ष निघाला की मृत महिलेने गडद कपडे परिधान केले होते. वाक्य वस्तुस्थितीला धरून होते.

गणवेश दवाखान्याच्या मालकीचा. तो धुऊन, दुसऱ्या कोणाला द्यायचा म्हणून, दुरुस्तीला आला. घेऊन मुख्य परिचारिका स्वतः आली.

"मास्तर, खांद्याशी फाटलंय..."

मास्तरांनी खांदा शिवला. मग बाही उलटली. पट्टी नव्यासारखी होती.

बाई बघत राहिल्या. "ही... आतून का?"

"बाहेर नमुन्यात बसत नव्हती."

"मग त्या दिवशी तिने बाही..."

"तुम्ही सोबत होतात."

मास्तरांनी दोन्ही बाह्यांच्या पट्ट्या उसवल्या, एकीला एक जोडल्या, गणवेशाच्या पाठीवर आडव्या ठेवल्या आणि मशीनचे चाक हाताने फिरवले. टीप सरळ जात राहिली.

"मशीन कधी न्यायचं ते सांगा," वर न बघता ते म्हणाले. "तोवर बाकीचेही पाठवून द्या."

त्यांनी दोरा तोडला. गणवेशाची घडी घातली, पट्टी वर राहील अशी, आणि बाईंच्या हातात दिली.