दोनदा तळणारी शिकारपुरी कढई

मी कढई बोलतेय. लोखंडाची, दोन कानांची, काळी कुळकुळीत. कोणी काळी म्हटलं तर मला राग येत नाही. सारा जन्म जाळाशी संसार केला, गोरी राहीन कशी?

माझं माहेर सिंधमधलं शिकारपूर. फाळणीत माझ्या मालकीणबाई, जेठीबाई, आगबोटीनं मुंबईला आल्या. नवरा वारलेला, गाठोड्यात चार कपडे आणि मी. कल्याणच्या निर्वासित कॅम्पात त्यांना बराकीतली अर्धी खोली मिळाली. ‘अजमेरला येऊन राहा,’ असा दिराचा निरोप होता. पण दुसऱ्याच्या घरी मिंधेपणानं जेवणं जेठीबाईंच्या जिवावर यायचं. त्यांनी सरळ रस्त्याकडेला चूल मांडली.

त्यांची भजी सिंधी रीतीची. कांदा-मिरची घातलेल्या बेसनाचा मोठा गोळा अर्धाकच्चा तळायचा, काढून हातानं तोडायचा आणि तुकडे पुन्हा माझ्यात सोडायचे. मग ते असे कुरकुरीत होतात की विचारू नका! पाव चिरून हिरवी चटणी लावायची आणि तुकडे आत दडपायचे. अंबरनाथच्या कारखान्यांत निघालेले कामगार सायकली थांबवू लागले.

शेजारी सगुणाबाई भाजीची पाटी घेऊन बसायच्या. जवळच्याच गावच्या, आणि आवाज पार पुढच्या बराकीत पोचणारा. त्यांच्या घरी भजी परत तळतात ती शिळी झाल्यावरच. तोडलेले तुकडे तेलात पडताना पाहून त्या ओरडल्या, “काय गो, कालची भजी परत तलतेस?”

जेठीबाईंना मराठी कुठलं कळायला! रीत विचारतेय असं वाटून त्यांनी हसत दोन बोटं वर केली. “हां अदी, दो बार!” अदी म्हणजे बहीण.

झालं! ‘सिंधीण शिळं विकते’ हे रस्ताभर झालं. सायकली थांबेनात. मला तर त्या सगुणाबाईंच्या पाटीवर तेल उडवावंसं वाटायचं. शेवटी जेठीबाईंनी भांडीवाल्याला दुपारी बोलावलं. मला विकायचं आणि अजमेरची गाडी धरायची. मी फार घाबरले. उरलेलं बेसन तरी वाया कशाला, म्हणून त्यांनी सकाळी शेवटचं तेल तापवलं.

त्या दिवशी सगुणाबाई मुद्दाम लवकर आल्या. शिळी भजी कुठून निघतात ते पकडायचं होतं त्यांना! त्यांच्या डोळ्यांदेखत पीठ भिजलं, गोळा तळला, तुटला, परत तेलात गेला.

“आगो बाय! ही तर आत्ताची हाय!”

जेठीबाईंनी पाव भरून पुढे केला. सगुणाबाईंनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, पदरानं डोळे पुसले आणि रस्त्याकडे तोंड करून गरजल्या, “चुकलू मी! या रं, खावाला या! ताजी हाय, माज्यासमोर केली!”

काय तो आवाज! दुपारी भांडीवाला आला तेव्हा त्याला माझ्यापर्यंत पोचायलाही वाट मिळेना. शेवटी त्यानंही पाव-भजीच घेतली.

आता कॅम्पाला उल्हासनगर म्हणतात. जेठीबाईंचं पक्कं दुकान झालंय. गेल्या महिन्यात सगुणाबाईंच्या लेकीच्या हळदीला जेठीबाईंना आणि मला मानानं नेलं होतं. बदलापूरच्या कुणा पाहुणीनं नाक मुरडलं, “ही भजी परत कशाला तळते?”

सगुणाबाई मांडव दणाणून सोडत म्हणाल्या, “गप गो! भजी दोनदाच तलायची असतान! माज्या बहिनीला इचार!”

माझं बूड आता पातळ झालंय, पण मला माळ्यावर टाकू नका हो. ते ‘माज्या बहिनीला’ ऐकल्यापासून मला पुन्हा पुन्हा जाळावर चढावंसं वाटतंय.